१ जीबीच्या व्हीपीएसवर मायएसक्यूएल वारंवार बंद पडतो: रीबूट मारण्याआधी हे बघा

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. वर्डप्रेसची साइट चार-सहा दिवस सुरळीत चालते आणि एका सकाळी कुणाचा तरी फोन येतो की साइट उघडत नाहीये. बघावं तर कोऱ्या पानावर एकच ओळ: ‘एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन’. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये जाऊन रीबूटचं बटण दाबलं की दोन मिनिटांत सगळं जागेवर. मग काही दिवस शांतता, आणि पुन्हा तेच.

मग तर्क सुरू होतात. साइट हॅक झाली असेल, डेटाबेस करप्ट झाला असेल, परवा टाकलेलं प्लगिन नडलं असेल, किंवा होस्टिंगवालाच भिकार आहे. यातलं एखादं खरं असूही शकतं, पण १ जीबी रॅमचा व्हीपीएस (मोठ्या मशिनचा भाड्याने घेतलेला आभासी तुकडा), त्यावर उबंटू, अपाचे किंवा एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर, पानं बनवणारा पीएचपी आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस असा संसार असेल तर कारण जवळजवळ नेहमी दुसरंच निघतं. मायएसक्यूएल आपणहून बंद पडत नाही. त्याला मारलं जातं, आणि मारणारा तुमच्याच सर्व्हरमधला लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, असतो. होस्टिंगवाल्याला याचा पत्ताही नसतो.

आधी पुरावा, मग रीबूट

साइट बंद दिसली की पहिली पाच मिनिटं रीबूटला हात लावू नका. एसएसएचने (दूरवरून कमांड चालवायची सोय) आत शिरता येत असेल तर ‘डीमेसेज’ (dmesg, कर्नलचे निरोप दाखवणारी कमांड) चालवा आणि त्यात ‘आउट ऑफ मेमरी’ हे शब्द शोधा. डीमेसेजमध्ये दिसणारा मजकूर मेमरीत असतो, रीबूट केलं की तो पुसला जातो. रीबूट आधीच मारून झाला असेल तर ‘जर्नलसीटीएल’ या लॉग दाखवणाऱ्या कमांडला मागच्या बूटमधला कर्नलचा लॉग मागा (‘के’ हा पर्याय कर्नलसाठी, ‘बी’ला उणे एक म्हणजे याआधीचा बूट). जर्नल डिस्कवर साठवला जात असेल, आणि उबंटूवर तो सहसा साठवला जातो, तर ओळ तिथे सापडते.

ओळ साधारण अशी असते: ‘आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस १८४२ (मायएसक्यूएलडी)’, आणि पुढे ‘टोटल-व्हीएम’, ‘अॅनॉन-आरएसएस’ असे केबीमधले आकडे. यातला कामाचा आकडा अॅनॉन-आरएसएस. मारलं तेव्हा त्या प्रोसेसने खरोखर किती मेमरी धरून ठेवली होती, हे तो सांगतो. टोटल-व्हीएम बघून घाबरू नका. तो प्रोसेसने कागदावर मागितलेल्या जागेचा आकडा असतो आणि तो नेहमीच अवाच्या सवा दिसतो.

या ओळीच्या वर कर्नलने त्या क्षणी चालू असलेल्या सगळ्या प्रोसेसची यादीही छापलेली असते. लोक ती वगळून खालच्या ओळीवर उडी मारतात. खरी गोष्ट त्या यादीत असते, तिच्याकडे परत येऊ.

वेळ वाचताना एक काळजी घ्या. व्हीपीएसचं घड्याळ बहुधा यूटीसीवर असतं. लॉगमध्ये २१:१४ दिसलं तर त्यात साडेपाच तास मिळवा, म्हणजे आपल्याकडची पहाटेची २:४४. हा हिशेब न केल्यामुळे ‘रात्री सव्वानऊला तर कुणीच साइटवर नव्हतं’ असा घोळ होतो आणि शोध भलतीकडे जातो.

व्हीपीएस म्हणजे नेमकं काय मिळालेलं असतं

हे कळल्याशिवाय पुढचा उपाय पटणार नाही, म्हणून थोडं आत जाऊ.

डेटा सेंटरमध्ये एक दांडगं मशिन असतं, त्यावर लिनक्स असतो आणि त्या लिनक्समध्ये केव्हीएम, म्हणजे एका मशिनवर अनेक आभासी सर्व्हर चालवणारी यंत्रणा. केव्हीएम २००७ साली लिनक्सच्या कर्नलमध्ये आला आणि आज व्हीपीएस विकणाऱ्यांपैकी बहुतेक त्याच्यावरच चालतात. एकाच मशिनचे अनेक आभासी तुकडे पाडायची कल्पना मात्र याच्या कितीतरी आधीची, आयबीएमच्या मेनफ्रेमवरची. केव्हीएमच्या नजरेने पाहिलं तर तुमचा अख्खा सर्व्हर, म्हणजे त्यातला उबंटू, डेटाबेस, साइट हे सगळं धरून, त्या मोठ्या मशिनवरची एक प्रोसेस आहे. तुम्हाला मिळालेला ‘व्हीसीपीयू’ हा त्या प्रोसेसचा एक थ्रेड आहे. तुमच्यासारख्या कित्येक प्रोसेस तिथे शेजारी शेजारी चालत असतात.

आता मेमरी आणि सीपीयू यांची वाटणी सारखी होत नाही. मेमरी ही रेल्वेतल्या आरक्षित बर्थसारखी आहे. तुमची आहे ती तुमचीच, पण शेजारचा बर्थ रिकामा जात असला तरी त्यावर पाय पसरता येत नाहीत. सीपीयू म्हणजे डब्यातून फिरणारा चहावाला: सगळ्यांना मिळून एक, गर्दी असली की थांबायचं, पण वेळाने का होईना चहा मिळतो. त्यामुळे सीपीयू कमी पडला तर साइट हळू होते. मेमरी कमी पडली तर हळू होण्याची सोय फारशी नाही, कुणाला तरी उठवावंच लागतं.

होस्टिंगवाल्याच्या सपोर्टला लिहिलं की उत्तर येतं, ‘तुमचा सर्व्हर चालू आहे, आमच्याकडून काही अडचण दिसत नाही.’ हे टाळाटाळीचं वाटतं, पण बहुतेक वेळा ते खरं बोलत असतात. बाहेरून त्यांना सीपीयू, डिस्क आणि नेटवर्क यांचे आलेख दिसतात. आतमध्ये कुठली प्रोसेस मेली हे दिसत नाही, आणि दिसू नये हेच बरं. तुमच्या कर्नलने तुमचाच डेटाबेस मारला तरी बाहेरच्या मशिनच्या दृष्टीने सगळं आलबेल असतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी

लिनक्स मेमरीच्या बाबतीत उधार व्यवहार करतो. प्रोसेसने १०० एमबी मागितले की ‘घे’ म्हणतो, पण खरी मेमरी तिने त्या जागेला हात लावल्यावरच देतो. बहुतेक प्रोसेस मागितलेलं सगळं वापरत नाहीत, म्हणून हा व्यवहार चालून जातो. एखाद्या रात्री मात्र सगळे एकदम वसुलीला येतात आणि तिजोरीत काही नसतं. अशा वेळी कर्नलमधला ओओएम (‘आउट ऑफ मेमरी’) किलर जागा होतो. तो प्रत्येक प्रोसेसला गुण देतो, आणि त्या गुणांत सगळ्यात मोठा वाटा कुणी किती मेमरी धरली आहे याचा असतो. ज्याचे गुण जास्त तो जातो.

छोट्या व्हीपीएसवर एकटी सगळ्यात मोठी प्रोसेस कोणती? मायएसक्यूएल. आवृत्ती ८.० काहीही काम नसताना साडेतीनशे-चारशे एमबी घेऊन बसलेली असते. पीएचपीच्या किंवा अपाचेच्या प्रोसेस प्रत्येकी ५०-६० एमबीच्या, पण त्या वीस-पंचवीस असतात. गर्दी त्यांनी केलेली असते, पण त्यांच्यातली कुठलीही एकटी मोठी नसते. म्हणून गुण मायएसक्यूएलला जास्त पडतात आणि बळी त्याचा जातो. मघाशी सांगितलेल्या यादीत हे स्पष्ट दिसतं: एकच मायएसक्यूएलडी, आणि त्याच्या आजूबाजूला ‘अपाचे२’ किंवा ‘पीएचपी-एफपीएम’ या नावाच्या ओळींची रांग. त्या ओळी मोजा. निम्मं निदान तिथेच होतं.

यापुढे आणखी एक फसवा प्रकार घडतो. मायएसक्यूएल मेला की सिस्टिमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू-बंद करणारा व्यवस्थापक) त्याला लगेच पुन्हा सुरू करायला जातो. पण पीएचपीची गर्दी अजून हटलेली नसते, त्यामुळे सुरू होताना त्याला बफर पूलपुरतीही (डेटा मेमरीत ठेवायची त्याची जागा) मेमरी मिळत नाही आणि ‘कॅनॉट अॅलोकेट मेमरी फॉर द बफर पूल’ असं लिहून तो पुन्हा पडतो. असं काही वेळा झालं की सिस्टिमडी नाद सोडतो. सकाळी तुम्ही मायएसक्यूएलचा एरर लॉग उघडता तेव्हा हीच शेवटची ओळ समोर येते, आणि साहजिकच वाटतं की बफर पूल मोठा झाला आहे. मग लोक त्याचा १२८ एमबीचा मूळ आकडा ६४ वर, ३२ वर आणतात. साइट आणखी मंद होते आणि दुखणं तसंच राहतं. १२८ हा आधीच किमान म्हणावा इतका आकडा आहे, त्याला कापून काही हाती लागत नाही.

हिशेब

‘फ्री’ ही कमांड एमबीमध्ये चालवा. त्यातल्या ‘फ्री’ रकान्याकडे बघू नका. लिनक्स मोकळी मेमरी फाइलींच्या कॅशसाठी वापरतो, त्यामुळे तो आकडा नेहमी केविलवाणाच दिसतो. ‘अव्हेलेबल’ हा रकाना खरा. गरज पडली तर कॅश सोडून देऊन किती मेमरी काढता येईल याचा तो अंदाज असतो.

१ जीबीच्या प्लॅनमध्ये ‘टोटल’ सहसा ९६० एमबीच्या आसपास दिसते. त्यातून ऑपरेटिंग सिस्टिम, एसएसएच, लॉग वगैरेंचे १८० काढा. मायएसक्यूएलचे ४०० काढा. उरले ३८०. अचानक लागेल म्हणून ८० बाजूला ठेवा, म्हणजे हातात ३००. पीएचपीची एक प्रोसेस ६० एमबीची धरली तर एका वेळी पाच प्रोसेस बसतात. पाचच.

आता डेबियन आणि उबंटूवरच्या अपाचेची प्रीफोर्कची (प्रत्येक विनंतीला वेगळी प्रोसेस देणाऱ्या पद्धतीची) कॉन्फिग फाइल उघडून ‘मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स’ पुढचा, म्हणजे एका वेळच्या कमाल प्रोसेसचा, आकडा बघा. पॅकेजबरोबर तो १५० येतो. १५० गुणिले ६० म्हणजे ९,००० एमबी. १ जीबीच्या सर्व्हरला कुणीतरी ९ जीबीपर्यंत वाढायची परवानगी देऊन ठेवली आहे, आणि ती कुणी तपासलेली नाही. एरवी साइटवर एका वेळी दोन-तीन जण असतात म्हणून निभावतं. ज्या दिवशी एकदम पंचवीस विनंत्या येतात त्या दिवशी डेटाबेस जातो.

तुमच्या साइटचा आकडा ६०च असेल असं नाही. ‘पीएस’ची (चालू प्रोसेसची) यादी आरएसएसप्रमाणे, म्हणजे धरलेल्या मेमरीप्रमाणे, उतरत्या क्रमाने लावा आणि पीएचपीच्या ओळींची सरासरी काढा. आरएसएसमध्ये सगळ्यांनी मिळून वापरलेली मेमरी, उदाहरणार्थ ओपकॅशची (पीएचपीचा तयार कोड साठवणारी कॅश), प्रत्येकाच्या नावावर पुन्हा पुन्हा मोजली जाते, त्यामुळे सरासरी थोडी फुगलेली येते. फुगलेली चालेल, चूक सुरक्षित बाजूला होते.

‘पाच प्रोसेसवर साइट चालणार कशी?’ हा प्रश्न येतोच. एक पान बनवायला अर्धा सेकंद लागत असेल तर पाच प्रोसेस सेकंदाला दहा पानं देतात, तासाला ३६,०००. गावातल्या वाचनालयाच्या, व्याख्यानमालेच्या किंवा घरगुती मसाल्यांच्या साइटला एवढं पुरून उरतं. सहावा माणूस आला तर तो क्षणभर रांगेत थांबतो. पेज कॅशचं प्लगिन किंवा एन्जिनएक्सची कॅश लावली तर बहुतेक पानं पीएचपीपर्यंत जातच नाहीत, रांगही लागत नाही.

करायचं काय

अपाचे मॉड-पीएचपीसकट प्रीफोर्कवर चालत असेल तर नुसता १५० चा ५ करून भागणार नाही. तिथे साधं चित्र द्यायलासुद्धा पीएचपी पोटात घेतलेली जाड प्रोसेस अडकते, आणि कीपअलाइव्हमुळे ती आणखी पाच सेकंद त्याच ब्राउझरची वाट बघत बसते. पाच प्रोसेसमध्ये साइट गुदमरेल. त्यापेक्षा पीएचपी-एफपीएमवर जा, तो पीएचपी वेब सर्व्हरपासून वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवतो. पुढे अपाचेचं इव्हेंट मॉड्यूल ठेवा किंवा एन्जिनएक्स, हा आवडीचा भाग आहे. चित्रं आणि स्टाइलशीट हलक्या हाताने दिली जातात आणि पीएचपीच्या प्रोसेस फक्त पीएचपीसाठी राहतात.

एफपीएमच्या पूल फाइलमध्ये ‘पीएम.मॅक्स_चिल्ड्रन’ हा हिशेबातून आलेला आकडा टाका. ‘पीएम.मॅक्स_रिक्वेस्ट्स’ ५०० ठेवा, म्हणजे एखादं गळकं प्लगिन प्रोसेसला हळूहळू फुगवत असेल तर ती ठरावीक कामानंतर नव्याने सुरू होईल. एकाच व्हीपीएसवर चार साइट असतील आणि प्रत्येकीचा पूल वेगळा असेल तर मर्यादा प्रत्येक पूलची वेगळी असते, हे लक्षात ठेवा. चार पूल गुणिले पाच म्हणजे वीस प्रोसेस, आणि हिशेब पुन्हा कोसळला. लहान साइटचे पूल ‘ऑनडिमांड’वर (गरज पडली तरच प्रोसेस सुरू करणारा पर्याय) टाका आणि प्रत्येकाला एक-दोनच द्या.

मायएसक्यूएलमध्ये ‘परफॉर्मन्स_स्कीमा’ (कामगिरीची मोजमापं ठेवणारा भाग) बंद करा. लहान साइटवर ते कुणी बघत नाही आणि बंद केल्यावर मेमरीत चांगलाच फरक पडतो. ‘मॅक्स_कनेक्शन्स’ मुळात १५१ असतं, ते ३० वर आणा. पाच पीएचपी प्रोसेसना तेवढं भरपूर झालं.

नंतर स्वॅप, म्हणजे मेमरी कमी पडली की डिस्कवर वापरायची जागा. बऱ्याच व्हीपीएसच्या तयार इमेजमध्ये स्वॅप नसतोच, ‘फ्री’च्या खालच्या ओळीत शून्य दिसतं. ‘एफअॅलोकेट’ने २ जीबीची फाइल बनवा, तिची परवानगी ६०० करा, ‘एमकेस्वॅप’, मग ‘स्वॅपऑन’, आणि शेवटी ‘एफएसटॅब’मध्ये ओळ टाका. ही ओळ विसरली तर पुढच्या रीबूटला स्वॅप गायब होतो आणि महिन्याभराने ‘उपाय करूनही पुन्हा झालं’ अशी तक्रार येते. ‘स्वॅपिनेस’ (कर्नल स्वॅपकडे किती चटकन वळतो याचा आकडा) मूळचा ६० असतो, तो १० करा. स्वॅप असला की अचानक आलेला धक्का पचतो. रोजचा संसार मात्र त्यावर चालवू नका. ‘व्हीएमस्टॅट’ दर सेकंदाला चालवून ‘एसआय’ आणि ‘एसओ’ (स्वॅपमधून आत आणि स्वॅपमध्ये बाहेर) हे रकाने बघा. ते अधूनमधून हलले तर हरकत नाही. सतत आकडे दिसत असतील तर सर्व्हर डिस्कवर रांगतो आहे आणि प्रोसेसची संख्या अजून जास्त आहे.

‘स्वॅपऑन’ने ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ म्हटलं तर ‘सिस्टिमडी-डिटेक्ट-व्हर्ट’ चालवा. उत्तर ‘केव्हीएम’ऐवजी ‘ओपनव्हीझेड’ किंवा ‘एलएक्ससी’ आलं तर तुमच्याकडे स्वतःचा कर्नलच नाही. तुम्ही मोठ्या मशिनच्या कर्नलवर कंटेनरमध्ये आहात आणि स्वॅप, कर्नलच्या सेटिंग्ज हे सगळं होस्टिंगवाल्याच्या हातात आहे. स्वस्तातले जुने प्लॅन असे असतात. त्यांच्याशी भांडत बसण्यापेक्षा केव्हीएमवर हलणं परवडतं.

शेवटचा बंदोबस्त सिस्टिमडीमध्ये. मायएसक्यूएलच्या युनिटला ओव्हरराइड करून ‘ओओएमस्कोरअॅडजस्ट’ उणे ५०० च्या आसपास द्या आणि ‘रिस्टार्टसेक’ २० सेकंद करा. पहिल्यामुळे वेळ आलीच तर बळी पीएचपीच्या प्रोसेसचा जातो. तो परवडतो, कारण एफपीएम लगेच दुसरी काढतो. दुसऱ्यामुळे गर्दी ओसरायला अवधी मिळतो. हा आकडा उणे १,००० पर्यंत नेता येतो, पण तेवढी पूर्ण सूट देऊ नका. कधीतरी डेटाबेसच खरोखर बेफाम वाढला तर कर्नल त्याला सोडून बाकी सगळ्यांना मारत सुटेल.

इंटरनेटवर एक उपाय फार फिरतो: क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) दर मिनिटाला स्क्रिप्ट लावायची, मायएसक्यूएल बंद दिसला की चालू करायचा. मला तो मुळीच आवडत नाही. साइट उठते, पण डेटाबेस रोज मारला जातो आहे हे कुणाला कळतच नाही. इनोडीबी (टेबलं साठवायचा मायएसक्यूएलचा आताचा प्रकार) प्रत्येक वेळी रीडू लॉग वाचून स्वतःला सावरतो. पण जुन्या साइटमध्ये मायआयएसएएम प्रकारची टेबलं उरलेली असतील तर ती सावरत नाहीत. मग एक दिवस ‘टेबल इज मार्क्ड अॅज क्रॅश्ड’ येतं आणि तेव्हा बॅकअप शोधायची धावपळ सुरू होते.

गर्दी आली कुठून

मर्यादा घातल्यावर डेटाबेस मरायचा थांबतो. तरी पहाटे पावणेतीनला पंचवीस विनंत्या कुणी केल्या, हे बघायला हवं. ओओएमची वेळ घ्या आणि वेब सर्व्हरच्या अॅक्सेस लॉगमध्ये त्याच्या आधीची पाच मिनिटं वाचा.

बहुतेक वेळा दोन नावं सापडतात: ‘डब्ल्यूपी-लॉगिन’ (लॉगिनचं पान) आणि ‘एक्सएमएलआरपीसी’ (बाहेरच्या अॅपना वर्डप्रेसशी बोलायचं दार). पासवर्ड अंदाजाने टाकून बघणारे बॉट आहेत ते. तुमच्या साइटवर त्यांचा खास राग नाही, आयपीव्ही४चे सगळे सार्वजनिक पत्ते ते चाळतच असतात. एक्सएमएलआरपीसी वेब सर्व्हरच्याच कॉन्फिगमध्ये बंद करा. जेटपॅक किंवा वर्डप्रेसचं मोबाइल अॅप वापरत असाल तर आधी खात्री करा, त्यांना ते लागतं. लॉगिनच्या पानावर एन्जिनएक्सची रेट लिमिट किंवा फेल२बॅन (वारंवार चुकणाऱ्या पत्त्यांना अडवणारा प्रोग्रॅम) लावा. यासाठी सिक्युरिटी प्लगिनवर भिस्त ठेवू नका, कारण प्लगिन स्वतः पीएचपीत चालतं. ते बॉटला हाकलायला उभं राहतं तोवर एक पीएचपी प्रोसेस आणि एक डेटाबेस कनेक्शन खर्ची पडलेलं असतं, आणि आपल्याला तोच खर्च तर वाचवायचा आहे.

लॉगमध्ये बॉट नसतील तर बॅकअप बघा. यूटीसीच्या मध्यरात्रीला ठेवलेलं काम आपल्याकडे पहाटे साडेपाचला चालतं. प्लगिनचा बॅकअप अख्खी साइट पीएचपीतून वाचून झिप करतो आणि चार साइट असल्या तर चारही त्याच मिनिटाला सुरू होतात. वेळा पुढेमागे करा. त्याहून बरं म्हणजे क्रॉनमधून थेट ‘मायएसक्यूएलडंप’ आणि ‘टार’ चालवा, त्यांची मेमरीची भूक फार कमी असते. वर्डप्रेसचा स्वतःचा डब्ल्यूपी-क्रॉनही पान उघडल्यावर चालतो. तो बंद करून खऱ्या क्रॉनमधून दर पंधरा मिनिटांनी चालवला की गर्दीच्या वेळचा एक धक्का कमी होतो.

डेटाबेस भर दुपारी मरत असेल तर फोटो अपलोडचा संशय घ्या. संस्थेचा कार्यक्रम झाला आणि कुणीतरी मोबाइलवरचे वीस फोटो एकदम चढवले. जेपेग फाइल ४ एमबीची असली तरी ४००० गुणिले ३००० पिक्सेलचं चित्र मेमरीत उलगडलं की एका पिक्सेलला चार बाइट धरून ४८ एमबी होतात, आणि वर्डप्रेस त्यातून वेगवेगळ्या मापाच्या प्रती काढत बसतो. असे तीन-चार अपलोड एकदम चालले की ६० एमबीची सरासरी कोलमडते. फोटो आधी लहान करून चढवायला सांगा. लोक ऐकत नाहीत, म्हणून स्वॅप हवाच.

ओओएमची ओळ सापडलीच नाही तर

मग दुखणं दुसरं आहे. आधी ‘डीएफ’ चालवा. डिस्क भरली तरी मायएसक्यूएल अडकतो. मायएसक्यूएल ८.० मध्ये बायनरी लॉग (डेटातल्या बदलांची नोंद) मुळातच चालू असतो आणि ३० दिवसांचा साठवला जातो. २५ जीबीच्या डिस्कवर तो गुपचूप बरीच जागा खातो. रेप्लिकेशन (दुसऱ्या सर्व्हरवर डेटाची चालती प्रत) नसेल आणि बायनरी लॉगवरून डेटा परत आणायचा विचार नसेल तर मुदत तीन दिवसांवर आणा. ‘डीएफ’ला ‘आय’ जोडून आयनोडही (डिस्कवरच्या फाइलींच्या नोंदींचा कोटा) बघा, सेशनच्या लाखभर चिमुकल्या फाइली साचल्या असतील तर जागा शिल्लक असूनही नवी फाइल बनत नाही.

साइट मरत नाही पण ठरावीक वेळी कासवगतीने चालते, असं असेल तर ‘टॉप’मधला ‘एसटी’ हा आकडा बघा. तुमचा व्हीसीपीयू कामाला तयार असूनही मोठ्या मशिनने त्याला वेळ दिला नाही, असा तो काळ. एक-दोन टक्के कुठेही असतात. रोज संध्याकाळी तासन्‌तास दहा टक्क्यांच्या वर राहत असेल तर तुमच्या बाजूने करण्यासारखं काही नाही. आकड्यांचा स्क्रीनशॉट जोडून सपोर्टला दुसऱ्या मशिनवर हलवायला सांगा. क्रेडिटवर (साठवलेल्या सीपीयूच्या वेळेवर) चालणारा स्वस्त प्लॅन असेल तर क्रेडिट संपल्यावरही हाच आकडा चढतो, तेव्हा आधी प्लॅनचं नाव तपासा.

२ जीबीचा प्लॅन घ्यावा का? वूकॉमर्सचं दुकान असेल तर घ्या. कार्ट आणि चेकआउटची पानं कॅश करता येत नाहीत, तिथे पीएचपीच्या प्रोसेस खरोखर जास्त लागतात. मात्र आधी मर्यादा घाला, मग प्लॅन वाढवा. १५० वर सोडलेला अपाचे २ जीबीतही तेच करेल, फक्त पुढचा फोन जरा उशिरा येईल. आणि वाढवताना डिस्कही वाढवली तर बहुतेक ठिकाणी ती परत लहान करता येत नाही, त्यामुळे शक्य असेल तिथे फक्त रॅम आणि सीपीयू वाढवायचा पर्याय निवडा.

मर्यादा घातल्यानंतर काही दिवसांनी एफपीएमच्या लॉगमध्ये एक इशारा दिसू लागेल: ‘सर्व्हर रीच्ड पीएम.मॅक्स_चिल्ड्रन सेटिंग (५), कन्सिडर रेझिंग इट’. तो वाचून पाचाचे पन्नास करण्याचा मोह फार जणांना होतो आणि गाडी पुन्हा मूळपदावर येते. मर्यादा गाठली गेली एवढंच तो सांगतो, सर्व्हरमध्ये जागा आहे की नाही हे त्याला माहीत नसतं. इशाऱ्याची वेळ अॅक्सेस लॉगशी ताडून बघा. बॉट असतील तर त्यांना अडवा, खरे वाचक असतील तर कॅश तपासा, आणि दोन्ही करून झाल्यावर ‘अव्हेलेबल’मध्ये शंभर-सव्वाशे एमबी टिकून असतील तर पाचाचे सहा करा.